जॉन अ‍ॅडम्स: बाहेर फ्रान्सशी शांतता आणि घरात सेडिशन अ‍ॅक्ट, हे एकत्र कसं वाचायचं?

दौलतगंज_ग्वाल्हेर

नमस्कार मंडळी. मी ग्वाल्हेरची, लष्कर भागात राहते, एमए इतिहासाचं दुसरं वर्ष चालू आहे आणि यंदा अमेरिकेचा पेपर घेतलाय. वॉशिंग्टनवर वाचायला भरपूर मिळतं, जेफरसनवर तर त्याहून जास्त, पण मधला जो दुसरा प्रेसिडेंट जॉन अ‍ॅडम्स, १७९७ ते १८०१ एवढी एकच टर्म मिळालेला, त्याला गाइडवाले दीड पानात उरकतात. अंतर्गत धोरण म्हणजे एलियन (परदेशी लोक) आणि सेडिशनचे (राजद्रोह, म्हणजे सरकारविरुद्ध लिहिणं) कायदे, वाईट. परराष्ट्र धोरण म्हणजे फ्रान्सशी मोठं युद्ध टाळलं, चांगलं. झालं, पुढे जेफरसन.

मला हे पटतच नाहीये. मी नुसत्या तारखा एकाखाली एक लिहून काढल्या. ३ एप्रिल १७९८ ला फ्रान्सनं मागितलेल्या लाचेचे कागद काँग्रेससमोर (म्हणजे तिथल्या संसदेसमोर) आले, ३० एप्रिलला नौदलाचं वेगळं खातं झालं, जून-जुलैत परदेशी लोकांविरुद्धचे तीन कायदे, ७ जुलैला फ्रान्सशी असलेले जुने तह रद्द, १४ जुलैला सेडिशन अ‍ॅक्टवर सही. सगळं साडेतीन महिन्यांत! मग यातलं घरातलं कुठलं नि बाहेरचं कुठलं हे वेगळं काढणार कसं? आणि ज्या माणसानं जुलैमधे ही सही केली त्यानंच पुढच्या फेब्रुवारीत स्वतःच्या पार्टीला न विचारता फ्रान्सशी बोलणी करायला माणूस नेमला. मधल्या सात महिन्यांत असं काय झालं?

मला पुढच्या महिन्यात डिपार्टमेंटमधे यावर बोलायचंय आणि नीट समजून बोलायचंय. काका-काकूंनी, सीनियर लोकांनी, कोणी वकील असतील तर त्यांनी पण जरूर लिहा.

मुरारचे_मास्तर

बेटा, तारखा एकाखाली एक लिहिल्यास हे बरं केलंस, निम्मं उत्तर त्यातच आहे. शाळेत इतिहास शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली आणि अ‍ॅडम्सबद्दल मला मनापासून आदर आहे, तेव्हा थोडं लांबेल, सांभाळून घे.

आधी हे बघ की भांडण त्याला वारशातच मिळालं. १७७८ मधे फ्रान्सशी दोस्तीचा तह झाला होता, त्या मदतीशिवाय अमेरिका स्वतंत्र होणं कठीण होतं. पुढे १७९३ मधे फ्रान्स आणि इंग्लंड एकमेकांशी लढायला लागले, वॉशिंग्टननं आम्ही कुणाच्याच बाजूचे नाही असं जाहीर केलं, पण १७९४ मधे इंग्लंडशी जे तह झाला (जॉन जे नावाच्या मुत्सद्द्यानं केला म्हणून ते नाव) आणि पॅरिसवाले भडकले, त्यांना ही सरळ सरळ फितुरी वाटली. मग त्यांनी अमेरिकन व्यापारी जहाजं पकडायला सुरुवात केली, वर्षभरात तीनशेहून जास्त. अमेरिकेनं पाठवलेल्या वकिलाला (म्हणजे राजदूताला), चार्ल्स पिंकनीला, भेट सुद्धा न देता परत लावलं. अ‍ॅडम्स ४ मार्च १७९७ ला खुर्चीवर बसला तेव्हा हे सगळं पेटलेलंच होतं.

आणि खुर्ची तरी कशी? राज्यांच्या निवडमंडळातली ७१ मतं त्याला, ६८ जेफरसनला. त्या वेळच्या नियमाप्रमाणे दुसरा आलेला माणूस उपाध्यक्ष, म्हणजे ज्याला हरवलं तोच शेजारी बसलेला. मंत्री सगळे वॉशिंग्टनचेच ठेवले, कारण सत्ता एका हातातून दुसऱ्या हातात जायची ही पहिलीच वेळ, मंत्री बदलायचे असतात अशी रीत अजून पडलीच नव्हती. पण पिकरिंग, वुलकॉट आणि मॅकहेन्री हे तिघं सल्ला विचारायला जायचे अलेक्झांडर हॅमिल्टनकडे, वॉशिंग्टनचा जुना अर्थमंत्री, जो तेव्हा न्यूयॉर्कमधे वकिली करत होता आणि सरकारात कुठल्याच पदावर नव्हता. अ‍ॅडम्सला हे खूप उशिरा कळलं.

लाचेचं प्रकरण तुला माहीत आहेच. पिंकनी, मार्शल आणि गेरी असे तिघं पॅरिसला गेले, तिथला परराष्ट्रमंत्री तालेराँ याच्या दलालांनी बोलणी सुरू करायच्या आधीच पन्नास हजार पौंड आणि वर मोठं कर्ज मागितलं. गंमत म्हणजे ते कागद उघड करा असा हट्ट जेफरसनच्याच लोकांनी धरला होता, त्यांना वाटत होतं अ‍ॅडम्स काहीतरी लपवतोय. त्यानं दलालांची नावं झाकून त्या जागी एक्स, वाय, झेड अशी अक्षरं टाकली आणि कागद पुढे ठेवले, की देशभर संतापाची लाट. अ‍ॅडम्स एवढा लोकप्रिय आधी कधी नव्हता, नंतरही कधी झाला नाही.

आता इथे माझं म्हणणं ऐक. त्या लाटेवर स्वार होऊन तो युद्ध जाहीर करू शकला असता, काँग्रेसमधे मतंही बहुतेक मिळाली असती. त्यानं तसं मागितलं नाही. जहाजं बांधली, नौदल खातं काढून बेंजामिन स्टॉडर्टसारखा कामाचा माणूस त्यावर नेमला, समुद्रात फ्रेंचांना तोंड दिलं (फेब्रुवारी १७९९ मधे कॉन्स्टेलेशन या जहाजानं वेस्ट इंडिजच्या समुद्रात इन्सर्जंट हे फ्रेंच जहाज पकडलं, ती मोठी लढाई), पण बोलण्याचं दार कधी बंद केलं नाही.

आणि सात महिन्यांत काय झालं म्हणतेस तर बातम्या आल्या. गेरी ऑक्टोबरमधे परत आला आणि म्हणाला तालेराँला युद्ध नकोय. हॉलंडमधला अमेरिकन वकील व्हॅन्स मरे तेच लिहीत होता, बर्लिनहून स्वतःचा मुलगा जॉन क्विन्सी तेच लिहीत होता. सगळ्यात मोठी बातमी म्हणजे १ ऑगस्ट १७९८ ला नाईलच्या मुखाशी नेल्सननं फ्रेंच आरमार बुडवलं. ज्यांच्याकडे आरमारच धड उरलं नाही ते अटलांटिक ओलांडून अमेरिकेवर फौज उतरवणार कशी? अ‍ॅडम्सला तर नाईलची बातमी यायच्या आधीपासूनच वाटत होतं की फ्रेंच फौज इथे येणं शक्यच नाही, आणि युद्धखात्याच्या मंत्र्याला त्यानं ते स्पष्ट लिहिलंही होतं. मग १८ फेब्रुवारी १७९९ ला कोणाही मंत्र्याला न विचारता त्यानं मरेचं नाव सिनेटकडे पाठवलं. सिनेटच्या अध्यक्षपदी जेफरसन, त्यानंच तो कागद वाचून दाखवला, आणि फेडरलिस्ट मंडळी, म्हणजे अ‍ॅडम्सचीच पार्टी, थक्क होऊन बसली.

पार्टीनं सात-आठ महिने अडवून धरलं. ऑक्टोबर १७९९ मधे फिलाडेल्फियात पीतज्वराची साथ म्हणून सरकार ट्रेंटनला हललं होतं, हॅमिल्टन स्वतः तिथे येऊन त्याला तासन् तास समजावून गेला, आणि त्यानंतर अ‍ॅडम्सनं मरेच्या जोडीला नेमलेल्या दोन वकिलांना जहाजात बसायचा हुकूम दिला. ते पोचेपर्यंत नेपोलियन सत्तेवर, त्याच्याच भावाच्या घरी मोर्तफोंतेनला १८०० च्या सप्टेंबर अखेर करार झाला. म्हातारपणी अ‍ॅडम्सनं लिहून ठेवलंय की माझ्या थडग्यावर एवढंच कोरा, १८०० साली फ्रान्सशी शांतता करायची जबाबदारी यानं स्वतःच्या शिरावर घेतली. मला तरी हे एवढं एक काम अख्ख्या टर्मपेक्षा मोठं वाटतं.

राजवाडा_वकील_इंदूर

काका, तुमचं लिहिणं नेहमीसारखं सुंदर, शांततेच्या बाबतीत वादच नाही. पण तुम्ही एवढं लिहिलंत आणि सेडिशन अ‍ॅक्टवर एक ओळ नाही, तेव्हा ते मी लिहिते, कारण या मुलीनं वकिलांना मुद्दाम बोलावलंय.

कायदा काय होता ते आधी नीट बघू. सरकार, काँग्रेसचं कुठलंही सभागृह किंवा प्रेसिडेंट यांच्याविरुद्ध खोटं, बदनामीचं, द्वेषानं लिहिलं-छापलं तर दोन हजार डॉलरपर्यंत दंड आणि दोन वर्षांपर्यंत कैद. आता यादी परत वाचा. उपाध्यक्ष यादीत नाही! कारण उपाध्यक्ष होता जेफरसन, विरोधी पार्टीचा, त्याला खुशाल शिव्या घाला. आणि कायद्याची मुदत ३ मार्च १८०१, म्हणजे बरोब्बर अ‍ॅडम्सची टर्म संपते त्याच्या आदल्या दिवसापर्यंत. कायदा देशाच्या रक्षणासाठी होता म्हणणाऱ्यांनी या दोन गोष्टींचं उत्तर द्यावं. मला आजवर पटेल असं कोणी दिलेलं नाही.

शिक्षा कोणाला झाल्या ते पण बघ. मॅथ्यू लायन, व्हर्मॉन्टचा निवडून आलेला खासदार, त्यानं लिहिलं की अ‍ॅडम्सला थाटामाटाची आणि खुशामतीची फार हौस आहे. चार महिने तुरुंग, एक हजार डॉलर दंड. तुरुंगात असतानाच लोकांनी त्याला परत निवडून दिलं, हे मला फार आवडतं. न्यूअर्कमधे ल्यूथर बाल्डविन नावाचा एक साधा माणूस, अ‍ॅडम्सच्या स्वागताला तोफा उडत होत्या आणि हा गुत्त्यात बसून पिऊन काहीतरी बरळला की गोळा प्रेसिडेंटच्या पार्श्वभागाला लागला तरी आपल्याला काय, त्यालाही दंड. बेंजामिन फ्रँकलिनचा नातू बाश, फिलाडेल्फियात पेपर चालवायचा, त्याला तर कायदा पास व्हायच्या आधीच पकडलं आणि खटला चालायच्या आत पीतज्वरानं गेला. खटल्यांची संख्या फार मोठी नाही, शिक्षा दहाएक, पण पकडले ते बघ कोण, पेपर चालवणारे, संपादक, खासदार, आणि पुढे १८०० चं इलेक्शन.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, ती अ‍ॅडम्सच्या बाजूची आहे. या कायद्यात आरोपी आपण लिहिलं ते खरं आहे असं सिद्ध करून सुटू शकत होता, आणि ज्यूरीला कायद्याचा पण विचार करायचा अधिकार होता. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात हे नव्हतं. आपल्याकडे १८७० मधे जे १२४ अ कलम आलं, ज्याखाली १८९७ ला आणि परत १९०८ ला लोकमान्यांना शिक्षा झाली, त्यात तर खरं बोललो म्हणून सुटका हा मार्गच नव्हता. म्हणून कागदावर अ‍ॅडम्सचा कायदा त्या मानानं सौम्य. पण खासदाराचं मत खरं की खोटं हे कोर्टात सिद्ध कसं करणार? अमका खुशामतप्रिय आहे याचा पुरावा काय आणायचा? तिथेच सगळं अडतं, आणि न्यायाधीश सॅम्युअल चेससारखे असले, जे बेंचवरूनच पार्टीची भाषा बोलायचे, तर मग संपलंच.

त्या काळात हा कायदा सुप्रीम कोर्टापर्यंत कधी गेलाच नाही. पण १९६४ मधे एका पेपरच्या केसमधे तिथल्या सुप्रीम कोर्टानं म्हटलं की त्या वेळी आमच्यासमोर आला नाही तरी इतिहासाच्या कोर्टात तो कायदा हरलेला आहे. मला वाटतं बोलताना तू हे जरूर सांग.

दौलतगंज_ग्वाल्हेर

काका, ताई, खूप खूप धन्यवाद, मी वहीत सगळं उतरवून घेतलंय. दोन शंका. एक, हे कायदे अ‍ॅडम्सनं मागितले होते का की नुसती सही केली? दोन, हॅमिल्टनची जी नवी फौज होती ती नक्की कोणासाठी होती, फ्रेंच येणार नाहीत हे अ‍ॅडम्सला कळत होतं तर फौज का?

राजवाडा_वकील_इंदूर

मागितले नव्हते, काँग्रेसमधल्या फेडरलिस्टांनी आणले. पण व्हेटो होता त्याच्या हातात, वापरला नाही. शिवाय त्या उन्हाळ्यात गावोगावहून जी समर्थनाची पत्रं यायची त्यांना अ‍ॅडम्स जी उत्तरं लिहायचा, छापून यायची ती, त्यातली भाषा आगीत तेल ओतणारीच होती. पिकरिंग रोज पेपर चाळून कोणावर खटला भरता येईल बघायचा आणि प्रेसिडेंटनं त्याला कधी थांबवलं नाही. म्हणून जबाबदारी त्याचीच. बाहेरच्या लोकांच्या कायद्याबाबत मात्र फरक कर. नागरिकत्वासाठी राहण्याची अट ५ वर्षांवरून १४ केली, आणि प्रेसिडेंटला वाटेल त्या परदेशी माणसाला हाकलायचा अधिकार मिळाला, पण तो अधिकार वापरून अ‍ॅडम्सनं एकालाही हाकललं नाही. भीतीनं बरेच फ्रेंच लोक आपणहून जहाजं धरून गेले ते वेगळं. तिसरा, शत्रुराष्ट्राच्या नागरिकांबद्दलचा ६ जुलै १७९८ चा कायदा, तो अजून जिवंत आहे, दुसऱ्या महायुद्धात जपानी, जर्मन, इटालियन लोकांवर वापरला आणि मार्च २०२५ मधे परत काढला. तेव्हा हा सगळा विषय जुना झाला असं समजू नकोस.

दालबाजार_सीए

फौजेबद्दल मी लिहितो, कारण पैशाची बाजू कोणी घेतलीच नाही आणि घरातलं-बाहेरचं जोडणारा दोरा माझ्या मते तिथेच आहे.

फौजेचा मुख्य म्हणून वॉशिंग्टनला परत बोलावलं, त्यानं अट घातली की माझ्या खाली दुसऱ्या नंबरवर हॅमिल्टनच पाहिजे. वॉशिंग्टन घरून फारसे हलणार नव्हते, मतलब फौज खरी हॅमिल्टनची. अ‍ॅडम्सला हे मनापासून नको होतं, त्याचा सगळा भरवसा जहाजांवर, उभ्या फौजेची त्याला धास्ती वाटायची, आणि हॅमिल्टनच्या डोक्यात तर स्पेनच्या ताब्यातले फ्लोरिडा आणि लुइझियाना घ्यायचे, जमलं तर दक्षिण अमेरिकेतही हात घालायचा असं चाललेलं. विरोधी पार्टीला भीती अशी की ही फौज फ्रेंचांसाठी नाही, आपल्यासाठी आहे.

आता खर्च. जहाजं, फौज, तोफा, पैसा कुठून? सरकारनं पन्नास लाख डॉलर कर्ज उचललं ८ टक्के व्याजानं, त्या काळात सरकारी कर्जाला हा रेट म्हणजे भलताच जास्त. आणि १४ जुलै १७९८ ला, हो, सेडिशन अ‍ॅक्टच्याच दिवशी, घरं, जमिनी आणि गुलाम यांच्यावर वीस लाख डॉलरचा थेट कर लावला. फार लोक हे विसरतात! एकाच दिवशी कर पण आणि कराविरुद्ध कडक लिहिणाऱ्याला तुरुंग पण. कर तसा वाईट आखलेला नव्हता, मोठ्या घराला जास्त दर, झोपडीवाल्याला अगदी थोडं. पण वसुलीवाले घराघरात येऊन खिडक्या मोजायला लागले आणि पेन्सिल्व्हेनियातल्या जर्मन शेतकऱ्यांना वाटलं आता खिडक्यांवर पण पट्टी. बायकांनी माडीवरून उकळतं पाणी ओतलं त्यांच्यावर. मार्च १७९९ मधे जॉन फ्राइज नावाच्या लिलाव पुकारणाऱ्या माणसानं जमाव घेऊन बेथलेहेम गावात अटकेतले लोक सोडवले, गोळी कोणी चालवली नाही. सरकारनं फौज पाठवली, फ्राइजवर देशद्रोहाचा खटला, दोनदा दोषी, फाशी.

इथे अ‍ॅडम्स काय करतो बघ. सगळे मंत्री म्हणतात लटकवा. हा वकील माणूस, १७७० मधे बोस्टनला गोळीबार करणाऱ्या इंग्रज शिपायांचं वकीलपत्र घेतलेला, सगळं गाव विरोधात असताना. त्यानं स्वतः विचार केला की ही दंगल आहे, देशाविरुद्ध युद्ध नाही, आणि मे १८०० मधे माफी दिली. त्याच महिन्यात मॅकहेन्रीचा राजीनामा घेतला आणि पिकरिंगला सरळ काढून टाकलं. मला त्याची अंतर्गत पॉलिसी मोजायची तर नुसत्या सेडिशनवर नाही, फ्राइजच्या माफीवर पण मोजली पाहिजे. फ्रान्सशी बोलणी सुरू झाली की फौजेची गरज संपली, फौज मोडली की कर्ज आणि कर दोन्ही हलके. शांतता हीच त्याची घरातली पॉलिसी पण होती, मी तर असंच म्हणेन.

किल्ल्याच्या_पायथ्याशी

सगळ्यांचं वाचलं, छान चाललंय. मी एक वेगळी गोष्ट मांडतो, ग्वाल्हेरवाल्यांना जवळची वाटेल. ज्या वर्षी फिलाडेल्फियात फ्रेंच येणार म्हणून ओरडा चालला होता त्याच वर्षी, मे १७९८ मधे, कलकत्त्याला लॉर्ड वेलस्ली गव्हर्नर जनरल म्हणून उतरला, आणि त्याच्याही तोंडी दिवसरात्र एकच, फ्रेंच. मॉरिशसच्या फ्रेंच गव्हर्नरनं जानेवारीत जाहीरनामा काढला होता की टिपूसाठी लढायला या, प्रत्यक्षात आले शंभरच्या आसपास. पण निमित्त मिळालं. ऑक्टोबर १७९८ मधे निजामाच्या फ्रेंच पलटणी इंग्रजांनी हैदराबादेत निःशस्त्र केल्या. नाईलच्या लढाईची बातमी हिंदुस्थानात पण १७९८ संपायच्या आत पोचलेली, म्हणजे फ्रेंच आता येऊ शकत नाहीत हे इथे पण समजत होतं. अ‍ॅडम्सनं त्याच परिस्थितीत बोलणी सुरू केली. वेलस्लीनं श्रीरंगपट्टणवर चाल केली आणि ४ मे १७९९ ला टिपू मारला गेला.

आणि ताई, सेडिशनचा विषय निघालाच आहे तर, त्याच मे महिन्यात वेलस्लीनं कलकत्त्याच्या छापखान्यांवर सेन्सॉर बसवला, छापायच्या आधी प्रत्येक मजकूर सरकारी सेक्रेटरीला दाखवायचा. तो १८१८ पर्यंत राहिला. अमेरिकेतला कायदा १८०१ मधे आपोआप संपला.

पुढचं आपल्याला माहीतच आहे. दौलतराव शिंद्यांच्या कंपूचा सेनापती पेराँ, फ्रेंच, १८०३ मधे परत तेच निमित्त, अलीगड गेलं, दिल्ली गेली, लासवारी झाली, वर्ष संपता संपता सुर्जी-अंजनगावचा तह. आज आपण ज्याला लष्कर म्हणतो ती दौलतरावांची छावणी त्यानंतरची आहे. भीती खरी किती आणि वापरून घेतलेली किती, हे ओळखून थांबणारा माणूस सत्तेवर असला तर काय फरक पडतो हे मला या दोन ठिकाणांवरून दिसतं.

राजवाडा_वकील_इंदूर

दादा, तुलना मस्त आहे, होळकरांच्या गावातून वाचताना तर अंगावर काटा आला. पण एक फरक मधे ठेवा. वेलस्ली फ्रेंचांना घाबरून लढत नव्हता, त्याला मुलूख पाहिजे होता. अमेरिकेत मुलूख पाहिजे असणारा माणूस हॅमिल्टन होता. तेव्हा वेलस्लीसमोर अ‍ॅडम्सला नाही, हॅमिल्टनला उभं करा, मग तुलना बरोबर बसते. शिवाय अ‍ॅडम्सला मतदार होते, सिनेट होतं. वेलस्लीला जाब विचारणारे डायरेक्टर लंडनमधे, पत्र जाऊन उत्तर यायला महिनोन् महिने.

किल्ल्याच्या_पायथ्याशी

ताई, हे मान्य. हॅमिल्टनचीच जोडी बरोबर.

दौलतगंज_ग्वाल्हेर

बापरे, तुम्ही सगळ्यांनी तर अख्खा पेपरच लिहून दिलात. दादा, आम्ही लष्करात जन्मलो पण ते तसं कधी डोक्यात आलंच नव्हतं. आता शेवटचं विचारते. सगळी पुस्तकं म्हणतात शांततेमुळे पार्टी फुटली म्हणून अ‍ॅडम्स हरला. हे असंच सरळ लिहू का?

मुरारचे_मास्तर

एवढं सरळ नको लिहूस. पार्टी फुटली हे खरं, हॅमिल्टननं तर ऐन इलेक्शनच्या तोंडावर अ‍ॅडम्सविरुद्ध लांबलचक पत्रक छापलं, आपल्याच प्रेसिडेंटविरुद्ध, त्यात फ्राइजची माफी सुद्धा गुन्हा म्हणून घातली होती. पण आकडे बघ, जेफरसन ७३, त्याच्याच पार्टीचा एरन बर ७३, अ‍ॅडम्स ६५. एवढ्याशा फरकाचं इलेक्शन. न्यूयॉर्कची १२ मतं एरन बरनं तिथली विधानसभा जिंकून फिरवली, तिथेच खरा डाव लागला. आणि दक्षिणेच्या राज्यांना गुलामांची तीन-पंचमांश मोजणी (पाच गुलाम म्हणजे तीन माणसं) धरून जास्तीची मतं मिळायची, ती नसती तर निकाल उलटा लागला असता असं बरेच इतिहासकार म्हणतात. अ‍ॅडम्सनं आयुष्यात एकही गुलाम बाळगला नाही, हेही तिथे एका वाक्यात घाल. फ्रान्सशी कराराची बातमी पोचली तेव्हा बहुतेक राज्यांतला निकाल ठरून गेला होता. कर, फौज, सेडिशनचे खटले, यांचा राग लोकांना होताच, दालबाजारवाल्यांनी सांगितलेले ते जर्मन शेतकरी आधी फेडरलिस्टांचे मतदार होते.

अजून दोन गोष्टी घे, गाइडमधे सापडणार नाहीत. एक हैती. तिथे गुलामांनी उठाव करून फ्रेंचांकडून सत्ता घेतलेली, तुसाँ लुव्हर्च्यूर त्यांचा पुढारी. अ‍ॅडम्सनं जून १७९९ मधे त्यांच्याशी व्यापार खुला केला आणि १८०० मधे जाकमेल बंदराच्या वेढ्यात अमेरिकन जहाजांनी तुसाँला मदत पण केली. गुलाम पाळणाऱ्या देशाचं सरकार हे करत होतं, जेफरसन आल्यावर ते धोरण उलटं फिरलं. दुसरी गोष्ट लुइझियाना. मोर्तफोंतेनचा करार ३० सप्टेंबर १८०० चा, आणि दुसऱ्याच दिवशी, १ ऑक्टोबरला, नेपोलियननं स्पेनकडून लुइझियाना परत घ्यायचा गुप्त करार केला. म्हणजे फ्रान्स अमेरिकेचा शेजारी होणार होता. अमेरिका तेव्हा फ्रान्सशी लढत असती तर तो मुलूख १८०३ मधे जेफरसनला विकत कोण देणार होतं? त्याचं श्रेय सगळं जेफरसनला जातं, पण निम्मी वाट अ‍ॅडम्सनं करून ठेवलेली.

दौलतगंज_ग्वाल्हेर

काका, हैतीचं मला अजिबात माहीत नव्हतं, ते घेतेच. मी ठरवलंय की सुरुवात ट्रेंटनपासून करायची, ऑक्टोबर १७९९, हॅमिल्टन समजावतोय आणि अ‍ॅडम्स ऐकत नाहीये, आणि मग तिथून मागे १७९८ मधे जायचं. घरातलं-बाहेरचं असे दोन भाग पाडणारच नाही.

दालबाजार_सीए

बिलकुल बरोबर. फक्त १४ जुलैचा तो एक दिवस नीट सांग, सेडिशन आणि कर एकत्र.

राजवाडा_वकील_इंदूर

आणि लायनला सोडू नकोस. अ‍ॅडम्स गेल्यावर जेफरसननं शिक्षा झालेल्यांना माफी दिली, पण लायननं भरलेला दंड काही परत मिळाला नाही, तो अर्ज करत राहिला आणि १८२२ मधे वारला. काँग्रेसनं १८४० मधे तो दंड व्याजासकट त्याच्या वारसांना परत केला. तुझ्या डिपार्टमेंटमधे कोणी विचारलं की हा कायदा चुकीचा होता हे ठरवलं कोणी, तर हे उत्तर दे.